नोकरी सोडून सांगलीत सॉफ्टवेअर कंपनी काढावी का?

प्रश्न तासगावच्या एका तरुणाचा आहे. इस्लामपूरला इंजिनिअरिंग झालं, आता पुण्यात नोकरी. काकांचं बेदाण्याचं अडत दुकान आहे. त्या दुकानासाठी त्याने सुट्टीच्या दिवसांत एक प्रोग्रॅम लिहिला: मालाची आवक, सौदा म्हणजे लिलाव, शेतकऱ्याची पट्टी (विक्रीतून कपाती वजा करून त्याला मिळणाऱ्या पैशांचा हिशोब), व्यापाऱ्याकडची येणी. प्रोग्रॅम चांगला चालला आणि आता ओळखीचे चार दुकानदार मागतायत. नोकरी सोडावी का, कंपनी पुण्यात काढावी की सांगलीत, आणि कंपनी काढल्यावर आपण प्रोग्रामर राहू की नुसते मालक होऊन बसू, असे तीन प्रश्न त्याने विचारलेत.

मी सांगलीत दूध संस्था आणि पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. बरीच वर्षं झाली. कोड अजून स्वतः लिहितो आणि वसुलीचे फोनही स्वतः करतो. त्यामुळे जे सांगतो ते या पट्ट्यातल्या, छोट्या कंपनीच्या अनुभवाचं आहे.

पहिल्याच प्रश्नाचं उत्तर: आज सोडू नका. काकांच्या दुकानात चालणारा प्रोग्रॅम हा अजून काकांचा प्रोग्रॅम आहे. काका काय म्हणाले आणि त्याचा अर्थ काय, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. प्रोग्रॅमात जे नाही ते तुम्ही फोनवर सांभाळून घेता. खरी परीक्षा दुसऱ्या दुकानात होते. तिथला दिवाणजी वेगळ्या क्रमाने काम करतो, हमाली-तोलाईची कपात वेगळ्या ठिकाणी लावतो, एकाच शेतकऱ्याचा माल दोन नावांवर घेतो. त्या दुकानासाठी कोडाची वेगळी प्रत काढावी लागली, तर तुमच्या हातात अजून विकण्याजोगा माल नाही. चार दुकानांसाठी चार प्रती झाल्या की वर्षभरात तुम्ही चार ठिकाणी नोकरी करत असता, तीही पगाराविना. एकच प्रोग्रॅम, वेगवेगळ्या सेटिंग्जवर, दोन दुकानांत एक अख्खा हंगाम चालू द्या. मग राजीनाम्याचा विचार करा.

या धंद्यात दोन वाटा आहेत आणि बाहेरून दोन्हींना लोक सॉफ्टवेअर कंपनीच म्हणतात. एक वाट माणसांचे तास विकण्याची. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात १०,००० रुपयांच्या भांडवलावर सुरू झाली ती याच वाटेने: गिऱ्हाइकाला हवं ते काम करून द्यायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. दुसरी वाट आपला एक माल घडवून तोच अनेकांना विकण्याची. पहिल्या वाटेवर पैसा लवकर दिसतो, पण प्रत्येक नव्या कामाला नवी माणसं लागतात. दुसऱ्या वाटेवर सुरुवातीची वर्षं कोरडी जातात. तुमचा प्रश्न दुसऱ्या वाटेचा आहे, म्हणून पुढचं सगळं तिच्याबद्दल.

या वाटेवरची दोन माणसं नीट बघण्यासारखी आहेत. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले, शिक्षण दहावीपर्यंत. १९८५ च्या सुमारास पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात महिना ४०० रुपयांवर लागले. काही वर्षांनी स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. कॉम्प्युटरचे दिवस येणार हे त्यांनी त्या टेबलावर बसूनच ओळखलं आणि धाकट्या भावाला, संजयला, कॉम्प्युटरचंच शिक्षण घ्यायला लावलं. दुकानात दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांमध्ये व्हायरसने बिघडलेली मशिनं वाढायला लागली. ती साफ करायला संजयने छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून १९९५ साली क्विक हील विक्रीला आलं. कंपनीला तेच नाव मिळालं २००७ साली. सिक्वोया या गुंतवणूक कंपनीचे ६० कोटी आले २०१० साली आणि शेअर बाजारात नोंदणी झाली २०१६ साली.

हे आकडे मी मुद्दाम ओळीने दिले. माल बाजारात आल्यापासून मोठं भांडवल येईपर्यंत पंधरा वर्षं गेली आहेत. बातम्यांत फक्त शेवटची दोन सालं येतात, म्हणून नव्या मुलांना वाटतं की गुंतवणूकदार गाठणं हीच कंपनीची पहिली पायरी. काटकर बंधूंची पहिली पायरी दुरुस्तीचं टेबल होती. व्हायरस शोधायला त्यांना कुठे जावं लागलं नाही, गिऱ्हाईकच रोज घेऊन येत होतं. आणि दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही: एक भाऊ लिहीत होता, दुसरा विकत होता. तुमच्याकडे असा दुसरा माणूस आहे का, हे आत्ताच बघा. तो भाऊच असला पाहिजे असं नाही. पण ज्याला दुकानात जाऊन पैशाची गोष्ट काढताना संकोच वाटत नाही, असा माणूस हवा.

दुसरं उदाहरण टॅलीचं. तुमच्या काकांच्या सीएकडे आज टॅलीच असणार. बंगळूरच्या श्यामसुंदर गोयंका यांना स्वतःच्या व्यवसायाचे हिशोब सांभाळणारं मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना. मुलगा भरत गणिताचा पदवीधर, त्याने वडिलांसाठी प्रोग्रॅम लिहिला. १९८६ साली बापलेकांनी कंपनी काढली, पुढे प्रोग्रॅमच्या नावावरूनच ती ओळखली जाऊ लागली आणि २०२० साली भरत गोयंकांना पद्मश्री जाहीर झाली. घरातला धंदा, घरातलंच पहिलं गिऱ्हाईक. तुमची सुरुवात अगदी याच जागेवरून होते आहे. तुमच्याकडे ही जी जागा आहे ती पुण्यात भाड्याने मिळत नाही.

आता रोजच्या कामाबद्दल. मला वाटतं, संस्थापक-प्रोग्रामरचं आयुष्य म्हणजे एका धंद्याच्या हिशोबात मुरत जाणं. भाषा, फ्रेमवर्क, डेटाबेस दर पाच-सात वर्षांनी बदलतात. हिशोबातल्या खाचाखोचा टिकतात. माझ्या कामातली एक सांगतो, कारण हे वरवर सांगून कळत नाही.

गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ संकलन होतं. प्रत्येक उत्पादकाच्या दुधाची फॅट काढतात, लॅक्टोमीटरने सीएलआर (दुधाच्या घनतेचं माप) बघतात आणि त्यावरून एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) काढतात. एक सर्रास वापरलं जाणारं सूत्र असं: सीएलआर भागिले चार, अधिक फॅट गुणिले ०.२१, अधिक ०.३६. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून ठरतो आणि त्याच्या खाली-वर पॉइंटागणिक, म्हणजे ०.१ ला, दर बदलतो. समजा सीएलआर २८ आणि फॅट ३.५ आली. सूत्राचं उत्तर येतं ८.०९५. आता दरपत्रकात एकच दशांश स्थळ आहे. हे ८.० धरायचं की ८.१?

कॉलेजात शिकलेला प्रोग्रामर सवयीने जवळच्या अंकाला नेतो आणि ८.१ लिहितो. पण गावोगावच्या संस्थांकडून दूध घेणारा दूध संघ पुढचे अंक सोडून देत असेल, तर तेच दूध संघाच्या खात्यात ८.० ला जातं. उत्पादकाला एका पॉइंटचे पैसे जास्त गेले, संघाकडून ते आले नाहीत. एका लिटरला काही पैशांचा फरक. शंभर-दीडशे उत्पादक, रोज दोन वेळा, वर्षभर, असं धरलं की तो फरक संस्थेच्या नफ्यातून जातो आणि दिवाळीला उत्पादकांना वाटायच्या जादा रकमेत, म्हणजे फरक बिलात, कमी पडतो. उलट संस्थेने अंक सोडले आणि संघ जवळच्या अंकाला नेत असेल, तर उत्पादकाच्या हक्काचे पैसे संस्थेकडे राहतात. सभेत प्रश्न उठतो तो सचिवावर, आणि सचिव बोट दाखवतो कॉम्प्युटरकडे.

त्यात आणखी एक गोम आहे. कॉम्प्युटर अपूर्णांकांच्या नेहमीच्या (फ्लोटिंग पॉइंट) प्रकारात ८.०९५ ही संख्या नेमकी साठवू शकत नाही, किंचित खाली किंवा वर साठवतो. त्यामुळे उत्तर आधी दोन दशांश स्थळांवर नेलं, तर दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅममध्ये तेच सूत्र ८.०९ आणि ८.१० अशी दोन उत्तरं देऊ शकतं. म्हणून आमच्याकडे फॅट, एसएनएफ आणि पैसे हे सगळं पूर्णांकात ठेवतो: ३.५ म्हणजे ३५, रुपये म्हणजे पैसे. अपूर्णांक कुठल्या पायरीला कसा तोडायचा हा नियम सेटिंगमध्ये असतो आणि तो संघाच्या परिपत्रकाप्रमाणे संस्थेने ठरवायचा असतो. प्रोग्रामरने मनाने ठरवायचा नसतो. नव्या मुलाला कामावर घेतलं की मी त्याला आधी हे गणित वहीवर करायला लावतो आणि मग दहा दिवसांचं दूध बिल निघत असताना संस्थेत नेऊन बसवतो. पशुखाद्याची कपात, ॲडव्हान्सची कपात, उरलेल्या रकमेवर दूध घालणाऱ्या बाईंनी दोनदा बोट फिरवून बघणं, हे त्याने डोळ्यांनी बघितलेलं असलं की पुढे त्याला फार सांगावं लागत नाही.

बेदाण्यातही तुमच्या अशाच जागा असतील. सौद्यात उधळण होते, म्हणजे माल बघताना बेदाणा सांडतो, तो कुणाच्या वजनातून वजा करायचा? बॉक्स १५ किलोचा धरायचा की काट्यावर आला तेवढा? शीतगृहात ठेवलेल्या मालावर उचल दिली असेल तर तिचं व्याज पट्टीत कुठे दाखवायचं? या प्रश्नांची उत्तरं दुकानागणिक बदलतात. ती तुमच्याकडे लिहून ठेवलेली असणं हेच तुमचं खरं भांडवल. पुण्यातली मोठी कंपनी उद्या तुमच्यापेक्षा देखणी स्क्रीन करील, पण तासगावच्या सौद्यात येऊन उभी राहणार नाही.

यावरून पुणे की सांगली याचं उत्तर आलंच. गिऱ्हाईक जिथे आहे तिथे राहा. श्रीधर वेम्बूंनी १९९६ साली सुरू केलेली कंपनी आज झोहो म्हणून जगभर सॉफ्टवेअर विकते, आणि ते स्वतः तमिळनाडूतल्या तेनकाशीजवळच्या खेड्यात राहून काम करतात. आपल्याच जिल्ह्यात याहून जुना दाखला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर कारखाना हलवला. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेत नव्हते, लोखंडाने जमीन नासते अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. त्यांचं गिऱ्हाईक शेतकरी होता आणि ते शेतकऱ्यांच्यात राहिले. तुमच्या सॉफ्टवेअरबद्दलही वहीवर विश्वास असलेला दिवाणजी असाच संशय धरेल. त्याला वर्षभर वही आणि प्रोग्रॅम दोन्ही चालवू द्या. वही बंद कर म्हणून मागे लागू नका.

सांगलीत एक गोष्ट मात्र पुण्याहून जास्त जपावी लागते, ती पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बाजारपेठेत पाणी शिरलं, आणि दुकानांतले कॉम्प्युटर बहुतेक खालच्याच मजल्यावर असतात. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर व्यापारी आधी चिखल काढतो, मग विचारतो: माझी येणी कुठे आहेत? त्या वेळी तुमच्याकडे कालपर्यंतचा डेटा नदीपासून दूर कुठेतरी सुरक्षित असेल, तर ते गिऱ्हाईक आयुष्यभर तुमचं. पेन ड्राइव्हवर बॅकअप घ्या असं सांगून भागत नाही, कारण तो पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात असतो. बॅकअप आपोआप बाहेर गेला पाहिजे, आणि तो परत चढवता येतो की नाही हे पावसाळ्याआधी करून बघितलं पाहिजे. आमच्याकडे हे काम मे महिन्यात असतं आणि त्या आठवड्यात दुसरं कुठलंही काम घेत नाही.

पैशाचं बोलायचं तर, पहिल्या विक्रीच्या रकमेवर कंपनी चालत नाही. चालते ती दरवर्षीच्या देखभाल करारावर. मूळ किमतीच्या १५ ते २० टक्के ही या धंद्यात सर्रास चालणारी पद्धत आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा ज्यांच्याकडे असे करार होते त्या कंपन्यांना रात्रंदिवस काम करण्याचे पैसे मिळाले. ज्यांनी माल विकून संबंध मोकळे सोडले होते, त्यांच्या दारातही गिऱ्हाइकांची तेवढीच रांग होती, पण दर वेळी नव्याने घासाघीस. कायदा बदलत राहणार आहे. ई-इनव्हॉइसची, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याच्या सक्तीची, मर्यादाच बघा: २०२० साली ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू झाली, २०२३ पर्यंत ५ कोटींवर आली, म्हणजे बेदाण्याच्या मोठ्या व्यापाऱ्यापर्यंत पोचली. प्रत्येक बदल तुमच्या कोडात उतरवावा लागणार, म्हणून वर्षाचा करार पहिल्या दिवशीच सांगा. काकांच्या ओळखीचे चौघे फुकट किंवा चहापाण्यावर मागतील. त्यांना सवलत द्या, पण बिल पूर्ण रकमेचं करून त्यावर सवलत दाखवा. किंमत एकदा बुडाली की वर येत नाही, आणि अडत बाजारात दर एका दुकानातून दुसऱ्या दुकानात संध्याकाळपर्यंत पोचतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: सुरुवातीला स्वतःच्या नावावरची प्रोप्रायटरशिप पुरते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. भागीदार आला की मग एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेडचं बघा, सीए सांगेल. एक गोष्ट मात्र आजच करा. नोकरीचा करार काढून वाचा. कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीच्या कामात लिहिलेला कोड, वेगळं ठरलं नसेल तर, मालकाचा असतो. काही करार त्याहून पुढे जाऊन नोकरीच्या काळात केलेल्या सगळ्याच कामावर हक्क सांगतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर काकांच्या प्रोग्रॅमची एक ओळही लिहू नका.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जो मला सर्वांत जवळचा आहे. प्रोग्रामर राहता येतं का? येतं, पण आपोआप राहता येत नाही. दहा-बारा गिऱ्हाइकांपर्यंत तुम्हीच सगळं करता. त्यानंतर दिवस फोनमध्ये जातो आणि कोड रात्रीवर ढकलला जातो. पहिला माणूस घेताना बहुतेक जण दुसरा प्रोग्रामर घेतात. मी म्हणेन, आधी सपोर्टला माणूस घ्या: जो फोन उचलेल, दुकानात जाईल, दिवाणजीशी गोड बोलेल आणि काय अडलं ते नीट लिहून आणेल. तासगाव-पलूसकडची बीसीएस, बीसीए झालेली मुलंमुली हे काम फार चांगलं करतात, कारण पट्टी म्हणजे काय हे त्यांना घरी माहीत असतं. त्यातूनच पुढे तुमचे प्रोग्रामर घडतात. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून थेट येणारी मुलं हुशार असतात, पण पुण्या-बंगळूरच्या पगाराशी तुम्ही स्पर्धा करू शकणार नाही, आणि त्याचा राग धरण्यात अर्थ नाही. त्यातलं कुणी दोनच वर्षं राहिलं तरी त्याला मनापासून शिकवावं.

कोडाचा कुठला भाग स्वतःकडे ठेवायचा हेही ठरवा. मी खतावणीचा गाभा अजून माझ्याकडे ठेवलाय: जमा-नावे, व्याज, अपूर्णांक, वर्ष बंद करणं. स्क्रीन, रिपोर्ट, मोबाइलवरचा भाग मुलं करतात आणि माझ्यापेक्षा बरा करतात. सकाळी नऊ ते अकरा मी कुणाला भेटत नाही, हे गिऱ्हाइकांनाही आता ठाऊक आहे. वेम्बूंनी २०२५ साली झोहोचं मुख्य कार्यकारी पद सोडून मुख्य शास्त्रज्ञ म्हणून संशोधनाकडे जायचं ठरवलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. इतक्या मोठ्या कंपनीच्या संस्थापकालाही मूळ कामाची ओढ राहते, आणि तिथे परत जायची वाट कंपनीतच ठेवता येते.

घरच्यांना या काळाबद्दल आधीच स्पष्ट सांगा. पहिली दोन-तीन वर्षं तुमच्या वर्गातली मुलं फ्लॅट घेतील आणि तुम्ही वसुलीला मोटरसायकलवरून हिंडत असाल. बायको नोकरी करत असेल तर घर तिच्या पगारावर चालेल. हे तिने मनापासून मान्य केलेलं असलं पाहिजे. किमान वर्षभराचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

आणि या वर्षी एक करा. दिवाळीच्या तोंडावर सौदे बंद ठेवून शून्य पेमेंट करतात, त्या दिवसांत रजा टाका आणि काकांच्या दुकानात बसा. व्यापाऱ्यांची येणी-देणी त्याच वेळी मिटतात. प्रत्येक खातं शून्यावर येताना प्रोग्रॅमची बाकी आणि दिवाणजीच्या वहीतली बाकी जुळते का बघा, न जुळलेल्या प्रत्येक रकमेचं कारण लिहून काढा. मग तोच प्रोग्रॅम घेऊन शेजारच्या एका दुकानात जा. चारही नाही, एकाच. त्याचं बिल करा, आणि ते पैसे हातात यायला किती दिवस लागतात तेही लिहून ठेवा. हा हिशोब घेऊन सांगलीला या. माझं ऑफिस विश्रामबागेत आहे, सकाळी अकरानंतर कधीही बसू.